थ्री-नॉट-थ्रीची पारख : दोन जुन्या रायफलींच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४

प्रकल्प आजपासून सुरू. हाताशी दोन रायफली आहेत आणि सप्टेंबरात आमच्या क्लबाची जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा आहे. मैदान इंग्लंडमधल्या बिस्लीचं, अंतर २०० आणि ६०० यार्ड, पडून नेमबाजी, दुर्बीण लावायची नाही, रायफल फौजेला मिळायची तशीच असली पाहिजे. दोघींपैकी कुठली न्यायची हे आवडीवर सोडायचं नाही, मोजून ठरवायचं.

पहिली नंबर ४ मार्क १ स्टार, कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याची, साल १९४३. दुसरी नंबर १ मार्क ३ स्टार, बंगालमधल्या इशापूरची, साल १९४२. तिच्यावर मुकुट, त्याखाली जी.आर.आय. (राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरं) आणि इशापूर हे नाव अजून स्वच्छ वाचता येतं. दोघीही ली-एनफिल्ड, दोघींचं काडतूस ०.३०३ इंची, म्हणजेच थ्री-नॉट-थ्री.

आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री म्हटलं की पोलीस ठाण्याच्या दारातला हवालदार डोळ्यांसमोर येतो, नाहीतर एनसीसीचा कॅम्प. भारतात हा बोअर (नळीचं माप) निषिद्ध गटात असल्याने साध्या नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. त्यामुळे या रायफलीला खेळाचं हत्यार म्हणून ओळखणारे मराठी लोक थोडे, आणि तिच्याबद्दल मराठीत ऐकू येतं ते बहुतेक दोनच प्रकारचं : 'एक मैलावरचा नारळ फोडायची' किंवा 'निव्वळ भंगार'. दोन्ही बोलणाऱ्यांनी मोजलेलं काहीच नसतं. या नोंदी मी त्यासाठीही ठेवतोय.

आधी हे पाहिलं की बनवणाऱ्यांनी या रायफलीकडून मागितलं काय होतं. नंबर ४ ची कारखान्यातली चाचणी १०० फुटांवर व्हायची. पाचपैकी चार गोळ्या १ इंच रुंद आणि दीड इंच उंच चौकटीत बसल्या की रायफल पास. कोनात सांगायचं तर आडवी जवळजवळ ३ मिनिटं आणि उभी सव्वाचार. १ मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर इंचाहून किंचित जास्त. निवडून काढून दुर्बीण बसवलेल्या नंबर ४ (टी) या स्नायपर रायफलीची अट कडक होती : २०० यार्डांवर सातच्या सात गोळ्या ५ इंची वर्तुळात. ती साधारण २.४ मिनिटं झाली.

म्हणजे १०० यार्डांवर दहा गोळ्या तीन इंचांत टाकणारी साधी नंबर ४ ही उत्तम रायफल आहे. आजच्या रायफलींच्या जाहिरातीतला 'एक मिनिट' तिच्यावर लादणं हा तिच्यावर अन्याय आहे.

९ मार्च

गोळी न झाडता जेवढं कळतं तेवढं आज पाहून घेतलं. कुठल्याही जुन्या रायफलीत मी सगळ्यात आधी नळीचं तोंड पाहतो. गोळीला शेवटचा स्पर्श तिथला. तिथली कड एका बाजूला झिजली असेल तर मागून येणारा वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीचं बूड ढकलतो.

ज्यांनी एनसीसी केलं आहे त्यांना पुलथ्रू आणि चिंधी आठवत असेल. नळी साफ करायची ती दोरी सैनिकांच्या पिढ्यांनी तिरकी ओढली, आणि दोरीवर बसलेल्या धुळीने पोलादात चर पाडले. इशापूरच्या तोंडाशी, खालच्या बाजूला, नेमका तसा एक चर आहे. भिंगातून पाहिलं तर तिथे रायफलिंगची, म्हणजे नळीत आतून कोरलेल्या पीळदार खाचांची, धार गोल होऊन चकाकते, बाकी सगळीकडे ती कोरी आहे. नखाला लागत नाही, पण कापसाचा बोळा फिरवला की त्या जागी अडकत नाही, बाकी कडेवर अडकतो. लाँग ब्रँचचं तोंड चारी बाजूंनी सारखं.

मग नळीचं माप. मऊ शिशाचा गोळा तेल लावून तोंडातून आत ठोकायचा, पलीकडे काढायचा आणि त्यावर उमटलेले ठसे मोजायचे. लाँग ब्रँचच्या नळीत दोनच खाचा आहेत. युद्धात उत्पादन वाढवण्यासाठी पाचांऐवजी दोन खाचांच्या नळ्या चालवून घेतल्या होत्या आणि त्या नेमात कमी पडल्या नाहीत. दोन खाचा समोरासमोर असल्याने मायक्रोमीटर सरळ लागतो : ०.३१३ इंच. इशापूरला पाच खाचा, म्हणजे प्रत्येक खाचेसमोर उंचवटा येतो आणि साधा मायक्रोमीटर खोटं बोलतो. व्ही आकाराच्या ऐरणीचा मागून आणला तेव्हा ०.३१६ निघाले. बाजारात मिळणारी गोळी ०.३११ ची. इशापूरमध्ये ती सैल बसणार हे आजच दिसतंय.

बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा) आणि काडतुसाच्या कडेमधली जागा गेजने पाहिली, दोन्ही ठीक. नंबर ४ मध्ये ० ते ३ अशा क्रमांकांची बोल्टची डोकी बदलून ही जागा राखता येते. माझ्या डोक्यावर १ आहे, म्हणजे वाव शिल्लक आहे.

१७ मार्च

काडतुसं. एका संग्राहकाकडून पन्नाशीच्या दशकातली थोडी .३०३ मिळाली. पेटी उघडली तर पुंगळ्यांच्या बुडावर के आणि एफ, सालाचे दोन आकडे आणि ७. के.एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. माझे मामा त्याच कारखान्यातून निवृत्त झाले, म्हणून फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"अरे, ही तुला कुठे मिळाली? माझ्याही आधीची आहेत ती."

"मामा, झाडून बघू का? तुम्हाला काय वाटतं?"

"झाड, पण घाई करू नकोस. चाप ओढला आणि आवाज नाही आला तर रायफल तशीच समोर धरून ठेव. जुनी दारू कधी कधी उशिरा पेट घेते. आणि मला दोन-तीन गोळ्यांचं टार्गेट पाठवू नकोस हं. दहा गोळ्यांचं पाठव."

एक काडतूस उघडून पाहिलं. मार्क ७ ची, म्हणजे बुडावरच्या त्या ७ ची, गोळी १७४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं जुनं एकक), ठरलेला वेग सेकंदाला २४४० फूट. तिच्या नाकात शिसं नसून ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे गोळी लांब होते आणि वजन मागे जातं. दारू भुकटीच्या रूपात नाही. पुंगळी कलंडली की शेवयांसारख्या पिवळट तपकिरी काड्यांची जुडी बाहेर येते. हे कॉर्डाइट. याच्या उष्णतेने नळीचा घसा, म्हणजे चेंबरच्या पुढचा भाग, लवकर जळतो. १८९५ साली मेटफर्डच्या उथळ, गोलसर रायफलिंगची जागा एनफिल्डच्या खोल पाच खाचांनी घेतली ती याच कारणाने.

या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट आहे. जळल्यावर मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते हवेतलं पाणी ओढतं आणि इंग्लंडच्या दमट हवेत रात्रीत नळी गंजवू शकतं. तेलात ते विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. म्हणून फौजेत नळीत उकळतं पाणी ओतायला खास नरसाळं द्यायचे. नळीच्या आतला खडबडीतपणा पाहून 'फार झाडलेली रायफल' असा निष्कर्ष लोक काढतात. बरेचदा ती फार झाडलेली नसते, एकदा झाडून न धुतलेली असते.

६ एप्रिल

बिस्लीची शॉर्ट सायबेरिया रेंज, १०० यार्ड. ढगाळ, वारा जवळजवळ नाही. दोन्ही रायफली वाळूच्या पिशव्यांवर, फोरसाईट (नळीच्या टोकाकडचं नेमाचं पातं) काजळीने काळी केलेली. वेग मोजायचं यंत्र बाजूला.

रायफल शिकंजात आवळून का नाही, असं एकाने विचारलं. त्याची परंपरा आहे. २ जुलै १८६० ला विंबल्डनवर नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा राणी व्हिक्टोरियाने सुरू केली ती असंच. व्हिटवर्थ रायफल लोखंडी चौकटीत घट्ट बसवलेली होती, राणीने दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली. १८९० मध्ये विंबल्डनची ती सगळी मंडळी बिस्लीला आली. पण ली-एनफिल्डची नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात आहे आणि लाकडाचा दाब तिच्या नेमाचा भाग आहे. चौकटीत आवळलेली ही रायफल आणि खांद्यावरची ही रायफल वेगवेगळ्या जागी मारतात. म्हणून पिशवी तिथेच ठेवायची जिथे डावा हात येतो, टोकाखाली नाही.

लाँग ब्रँच, खडकीची काडतुसं, दहा गोळ्या : साडेसहा इंच उंच, तीन इंच रुंद. वेगात सेकंदाला १०० फुटांहून जास्त फरक. एका काडतुसाला क्लिक आणि धडाका यांच्यामध्ये स्पष्ट अंतर ऐकू आलं, आणि तीच गोळी सगळ्यात खाली लागली. तेवढा वेळ रायफल स्थिर धरणं कुणालाच शक्य नसतं.

लाँग ब्रँच, हातभरणीची (मी स्वतः भरलेली) काडतुसं, १७४ ग्रेनची निमुळत्या बुडाची टार्गेट गोळी, व्यास ०.३११ : पहिल्या तीन गोळ्या सव्वा इंचात. मग चौथी वर, पाचवी आणखी वर, दहावी सर्वांच्या डोक्यावर. एकूण ४.८ इंच उंच, २.३ रुंद.

इशापूर, तीच हातभरणी : साडेसात इंच, चौफेर. दोन भोकं लंबगोल, म्हणजे गोळ्या डळमळत पोचल्या.

आता या पहिल्या तीन गोळ्यांबद्दल. तो सव्वा इंच कापून भिंतीवर लावला तर कोणीही म्हणेल, काय रायफल आहे. अशी कापलेली टार्गेटं जुन्या रायफली विकणाऱ्यांच्या टेबलांवर नेहमी दिसतात. गोळ्या निव्वळ योगायोगाने विखुरत असतील तरीसुद्धा दहा गोळ्यांचं ग्रुपिंग, म्हणजे कागदावरचा पसारा, सरासरीने तीन गोळ्यांच्या दीडपटीहून थोडं मोठं येतं. गणितच तसं आहे. तीनला २ इंच देणारी रायफल दहाला ३ इंचांच्या वर जाणारच. आणि तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप आपापसात इतके कमीजास्त होतात की तीच रायफल सकाळी १ इंच आणि दुपारी ३ इंच देते, काहीही न बिघडता. सव्वा इंचाची ४.८ इंच झाली ती मात्र योगायोगाच्या गणितात बसत नाही. ती वर चढत गेली. इथे काहीतरी हलतंय.

तेव्हा यापुढे नियम : प्रत्येक ग्रुप दहाचा, थंड नळीपासून सुरू, प्रत्येक गोळीचा क्रमांक आणि वेग लिहिलेला, एकही गोळी 'माझ्याकडून ओढली गेली' म्हणून वगळायची नाही. टोकापासून टोकापर्यंतचं अंतर दोनच गोळ्या ठरवतात, म्हणून मध्यापासून दहाही गोळ्यांच्या अंतराची सरासरी पण काढायची.

रात्री दोन्ही नळ्या उकळत्या पाण्याने धुतल्या, नंतर तेल.

२१ एप्रिल

लाँग ब्रँचचं पुढचं लाकूड उतरवलं. नंबर ४ मध्ये हे लाकूड नळीच्या तोंडाजवळ तिला खालून वर दाबतं, साधारण ३ ते ७ पौंड. टोकाला ताणकाटा अडकवला, खाली कागदाची पट्टी सरकवून ठेवली आणि नळी हळूहळू उचलली. पट्टी सुटेल तो आकडा वाचायचा. माझ्या रायफलीत तो पाऊण पौंडही भरला नाही.

कारण मागे सापडलं. लाकडाच्या मागच्या टोकाला, ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा) जिथे रेटली जाते, तिथे दोन्ही बाजूंना दोन आधार असतात. प्रत्येक गोळीचा धक्का ॲक्शनमधून लाकडात जातो तो यांच्यावर. माझे आधार तेलाने काळे पडून मऊ झालेत, डावा तर नखाने दबतो. ॲक्शन मागे सरकायला जागा झाली की पुढचा दाब कधी आहे, कधी नाही. नळी तापून लांबते तसा तो आणखी बदलतो, आणि गोळ्या वर चढतात.

स्पर्धेचे नियम इथे समंजस आहेत. रायफल सुधारून नवी करायची नाही, पण फौजी आर्मररने (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याने) त्या काळी केली असती ती दुरुस्ती चालते. इपॉक्सी ओतायचं नाही, लाकडाला लाकूड. दोन्ही बाजूंचा मऊ भाग चौकोनी कापून काढला आणि सुक्या, घट्ट लाकडाचे तुकडे रेषा उभी ठेवून बसवले. आधी ते मुद्दाम थोडे जाड ठेवायचे, ॲक्शनला काजळी लावून दाबायचं, काळं उमटेल तेवढंच कानशीने घासायचं, परत दाबायचं. घाई केली तर एका बाजूला जास्त उतरतं आणि धक्का तिरका बसतो. दोन्ही तुकड्यांवर सारखा काळा ठसा उमटला तेव्हा दुपारची संध्याकाळ झाली होती. मुख्य स्क्रू आवळल्यावर ताणकाटा ५ पौंडांवर.

लाकडाला कच्चं जवसाचं तेल. फौजही हेच वापरायची. वॉर्निश लावलेली जुनी रायफल दिसली की मला वाईट वाटतं.

११ मे

परत शॉर्ट सायबेरिया. आज क्लबातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी त्यांची स्विस के-३१ दिली, मुद्दाम मागून घेतली. ती माझ्यासाठी मोजपट्टी. त्याच दिवशी, त्याच हाताने, त्याच उजेडात तिचा ग्रुप कसा आला हे पाहिलं की माझ्यात काही बिघाड नाही हे कळतं. तिच्यासोबत स्वित्झर्लंडची स्वतःची जीपी-११ काडतुसं, लष्करी काडतुसात यांच्या तोडीचं मी झाडलेलं नाही. दहा गोळ्या १.८ इंचात. माणूस ठीक आहे.

लाँग ब्रँच : २.६ इंच उंच, १.९ रुंद. दहावी गोळी पहिलीच्या शेजारी. चढणं पूर्ण थांबलं. याच काडतुसांनी एप्रिलमध्ये ४.८ आले होते, म्हणजे नळी जुनी तशीच आहे, दारू तशीच आहे, बदललंय फक्त दोन बोटांएवढं लाकूड. 'नळी गेली आहे' असं म्हणून टाकून दिलेल्या कित्येक नंबर ४ मध्ये नळी गेलेली नसते, याची आज खात्री पटली.

घरी आल्यावर गोळ्यांचे क्रमांक आणि वेग शेजारी मांडले तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. सगळ्यात वर लागलेल्या तीन गोळ्या सगळ्यात हळू सुटलेल्या होत्या. सगळ्यात वेगवान दोन तळाशी. सामान्य बुद्धीला उलट वाटेल, पण ली-एनफिल्डचा हा नामांकित स्वभाव आहे. तिच्या बोल्टचे खटके पुढे नसून मागे आहेत, त्यामुळे गोळी सुटताना ॲक्शन किंचित वाकते आणि नळीचं तोंड वरखाली डोलतं. तोंड वर जात असताना गोळ्या बाहेर पडतात. हळू गोळीला नळीत क्षणभर जास्त वेळ लागतो, तोवर तोंड आणखी वर गेलेलं असतं, म्हणून ती थोडी उंच कोनात निघते. जवळच्या टार्गेटवर ती वर लागते. दूर गेल्यावर हळू गोळी जास्त खाली पडते, आणि तिला मिळालेला तो उंच कोन ती तूट भरून काढतो. बिस्लीचे जुने नेमबाज लांब पल्ल्याला ही रायफल का पसंत करत, ते यात आहे.

याचा अर्थ १०० यार्डांवरच्या उभ्या पसाऱ्यावरून ६०० चा अंदाज सरळ सहापटीने काढता येणार नाही. बिस्लीच्याच सेंचुरी रेंजवर जाऊन बघावं लागेल.

२६ मे

इशापूरचा दिवस. तिला न्याय द्यायचा तर आधी माझ्या डोळ्याचा हिस्सा बाजूला काढायला हवा. लाँग ब्रँचला छिद्राची बॅकसाईट (डोळ्याकडची नेमाची खूण) आहे, इशापूरला उघडी यू खाच. शिवाय फोरसाईट ते बॅकसाईट हे अंतर लाँग ब्रँचमध्ये पावणेएकोणतीस इंच, इशापूरमध्ये साडेएकोणीसच्या आसपास.

फौजेत रंगरूटाला शिकवतात तो जुना व्यायाम केला. रायफल पिशव्यांमध्ये हलणार नाही अशी रुतवायची. २५ यार्डांवर साथीदार कोऱ्या कागदावर मध्ये भोक असलेली काळी चकती सरकवतो, नेम जुळला की 'मार्क' म्हणायचं, तो भोकातून पेन्सिलीने ठिपका काढतो. फौजेत तीन ठिपके काढून त्रिकोण बघतात. मी दहा काढले, कारण बाकी सगळं दहाने मोजतोय. छिद्रातून दहा ठिपके ६ मिलिमीटरमध्ये, उघड्या खाचेतून १५ मध्ये. १०० यार्डांवर हेच जवळपास १ इंच आणि २.४ इंच. एकही गोळी न झाडता इशापूरच्या ग्रुपमधले जवळजवळ अडीच इंच माझ्या डोळ्याच्या नावावर लिहावे लागतात.

मग काडतूस बदललं. निमुळत्या बुडाची गोळी जळक्या घशाच्या, सैल नळीत नीट बसत नाही. मशीनगनसाठी निघालेल्या मार्क ८-झेडच्या निमुळत्या गोळ्यांनी कॉर्डाइटने झिजलेल्या रायफलींमध्ये हेच केलं होतं. सपाट बुडाची गोळी मागच्या वायूच्या दाबाने बुडाशी पसरते आणि खाचा भरते. ०.३१२ ची, सपाट बुडाची, १७४ ग्रेनची भरली.

दहा गोळ्या ४.२ इंचात, भोकं सगळी गोल. साडेसातवरून सव्वाचार. चुका वर्गांच्या बेरजेने जमतात, म्हणून ४.२ च्या वर्गातून २.४ चा वर्ग वजा केला तर रायफल आणि काडतुसाच्या वाट्याला साडेतीन इंचांच्या आत उरतात. झिजलेलं तोंड आणि ०.३१६ ची नळी घेऊन. 'इशापूर म्हणजे हलकं काम' असं इथे पुष्कळदा कानावर येतं. युद्धाच्या घाईत १९४२ साली बनलेली, त्यानंतर किती हातांतून गेलेली ही रायफल आजही आपल्या काळच्या अटीच्या जवळपास उभी आहे. हे आकडे घेऊन मी पुढच्या वेळी त्या चर्चेत बसणार आहे.

तिच्या नोजकॅपमधली (टोकाकडच्या धातूच्या टोपीतली) स्प्रिंग आणि नळीचा आतला पट्टा उघडून साफ केले. ठीक आहेत, हात लावला नाही.

१५ जून

सेंचुरी रेंज, ६०० यार्ड, लाँग ब्रँच. उजवीकडून वारा, झेंडे अर्धे उठलेले.

हातभरणीत वेगाचा फरक दहा गोळ्यांमध्ये ५५ फूट होता. माझ्या हिशेबाने एवढ्या फरकाने ६०० ला सहा-सात इंच नुसता उभा पसारा यायला हवा, बाकी सगळ्या चुका त्यावर. १०० चा २.६ इंच उभा ग्रुप सहापटीने १५-१६ इंच होतो. प्रत्यक्षात दहा गोळ्या ११ इंच उंच आणि १३ इंच रुंद. १०० ला उभा पसारा आडव्यापेक्षा जास्त होता, इथे कमी. आणि वेगांची यादी लावली तर हळू गोळ्या आता वर नाहीत, सगळ्या उंचीवर मिसळलेल्या. मे महिन्यातल्या कागदावर जे दिसलं होतं ते सहाशे यार्डांवर फेडलं गेलं. एका ग्रुपने सिद्ध होत नाही, म्हणून विश्रांती घेऊन थंड नळीने परत झाडलं : १२ उंच, १५ रुंद. तोच कल.

आडवे १३-१५ इंच बहुतेक वाऱ्याचे आणि ते माझ्या वाचनाचे आहेत. रायफलीच्या खात्यात घालणार नाही.

४ ऑगस्ट

स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवल्यापासून कोल्हापूर-पुण्याकडचे फोन चालू आहेत, आणि मला रायफलींचा नाद म्हणून प्रत्येकाचा प्रश्न एकच : त्याच्या रायफलीपुढे तुझी किती? त्याच्या टार्गेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे ५० मीटरवर पाऊण मिनिटाहून कमी. ती रायफल नेमबाजीसाठीच जन्मलेली, त्याच्या शरीराच्या मापाला जुळवलेली. माझी चिखलात, पावसात, अनोळखी माणसाच्या हातात चालावी म्हणून बनलेली. दोघींना एका फूटपट्टीने मोजायचं कारण नाही. पण शिस्त एकच आहे : प्रत्येक गोळी मोजायची. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली ती प्रोन, म्हणजे पडून नेमबाजीच्या, प्रकारात, तिथे साठ गोळ्यांपैकी एकही बाजूला ठेवता येत नाही.

१४ सप्टेंबर

निर्णय जूनमध्येच झाला होता. लाँग ब्रँच नेली. बॅकसाईट २०० वर, मग ६०० वर. ही शिडी २०० ते १३०० यार्डांपर्यंत आखलेली आहे आणि माझ्या काडतुसाला ६०० ची खूण दोन इंचांच्या आत जुळते, कारण गोळीचं वजन आणि वेग मूळ मार्क ७ च्या जवळ ठेवले आहेत. जास्त वेग भरून चपटा मार्ग मिळवायचा मोह पुष्कळांना होतो. मग खुणा जुळत नाहीत आणि नळीच्या डोलण्याचा मेळही जातो.

२०० ला पन्नासपैकी ४६, त्यात थंड नळीची पहिली गोळी बुलमध्ये, म्हणजे मधल्या गोलात. ६०० ला ४१. तिथे गेलेले गुण सगळे आडवे गेले, मध्येच वारा पडला तेव्हाचे. उंचीचा एकही गुण गेला नाही. दाब परत मोजला : पावणेपाच पौंड. तुकडे बसलेत.

मामांना दहा-दहा गोळ्यांची टार्गेटं पाठवली, खडकीचं साडेसहा इंची धरून. त्यांनी तेच सगळ्यात आधी उघडलं आणि विचारलं, पेटी कुठे ठेवलेली होती, ओल होती का. सत्तर वर्षांनी दारूचं वागणं साठवणुकीवर असतं, असं म्हणाले. संग्राहकाला विचारायचं आहे.

इशापूरसाठी ऑक्टोबरात १०० यार्डांचा उघड्या खाचेचा वर्ग आहे, तिथे नाव दिलं. ०.३१२ च्या सपाट बुडाच्या गोळ्या भरून ठेवल्या. ती सध्या तीन इंच वर मारते. फोरसाईटच्या पात्यांत ०.०१५ इंचाची एक पायरी तिच्यात १०० यार्डांवर पावणेतीन इंच देते, तेव्हा एक पायरी उंच पातं लागेल. तेवढं मागवलं आहे.